पटाशीचे दात पाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

“दात पाडून हातात देईन” ही धमकी मराठी घरांत उठता-बसता दिली जाते. अमलात कुणी आणत नाही. अशा पालकांनी खंत करू नये. जरा धीर धरला तर शाळा हे काम फुकटात करून देते.

आधी दात पारखून घ्यावेत. मुलाला दाढा मिटायला सांगून बाजूने बघावं. वरचे पटाशीचे दात खालच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं नेहमीचं; एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी भरते. अंतर ३ मिलिमीटरच्या वर असेल तर शुभशकुन समजावा. अनेक अभ्यास एकत्र करून १९९९ साली निघालेल्या आढाव्यात अशा मुलांच्या दातांना इजा होण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. शिवाय मूल टीव्ही बघत असताना ओठ मिटत नसतील तर सोन्याहून पिवळं. धडपडताना मार आधी झेलतात ते ओठ. तेच बाजूला झाल्यावर ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणायचीही सोय उरत नाही.

दात आणखी पुढे यावेत म्हणून अंगठा चोखण्याची सवय मोडू नये. “बाबाही चोखायचे” एवढं पुरे.

मुख्य कसब मात्र वेळ काढण्यात आहे. वरचे मधले दोन दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांची मुळं पुरी व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. धडपडीचा भर नेमका याच काळात असतो. म्हणून तेव्हा कुणी दात मागे घेण्याचा विषय काढलाच तर “तारेचं सातवीत बघू” म्हणावं. हे उत्तर अगदीच खोटं नाही, हीच त्याची खुबी. कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यानुसार, लहानपणी आणि मग वयात येताना अशा दोन टप्प्यांत उपचार केले काय किंवा एकदाच उशिरा केले काय, शेवटी दातांची ठेवण साधारण सारखीच येते. लवकर सुरुवात केलेल्यांत पुढच्या दातांना इजा मात्र कमी झालेली दिसली. तेव्हा दंतवैद्याकडे गेलंच तर फोटोत दात कसे दिसतील एवढंच विचारावं. मूल कबड्डी खेळतं, हे सांगू नये. नाहीतर ते दातांवर घालायच्या संरक्षक कवचाचं नाव काढतील.

बाकीचं शाळेच्या नळावर होतं. मधली सुट्टी, ओली फरशी, पितळी तोटीला तोंड लावून पाणी पिणारा चौथीतला मुलगा आणि मागे रांगेत बारा जण. कुणीतरी “आटप की!” म्हणून ढकलतं. टण्णकन आवाज येतो. भांडण नाही, मैदान नाही, चेंडूही नाही.

दात अख्खा निखळून पडला तर मुळाकडून धरावा, मातीचा कणही राहू नये म्हणून नळाखाली खसाखसा घासावा, बाईंच्या कोरड्या रुमालात बांधावा आणि आई ऑफिसातून येईपर्यंत कंपासपेटीत ठेवावा. मुळावरच्या नाजूक पेशी तासभर कोरड्या राहिल्या की जगत नाहीत. एवढी काळजी घेतल्यावर दात पुन्हा जीव धरण्याची भीती जवळजवळ संपते.

मोडता घालणारी माणसं असतातच. एखादा शिपाई दात पांढऱ्या बाजूने उचलतो, फार तर दहा सेकंद दुधात विसळतो, तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला रुमाल चावायला लावतो. नाही जमलं तर शिक्षकांच्या चहासाठी आलेल्या दुधात दात बुडवून पोराला थेट दवाखान्यात नेतो. तिथे तो दात शेजारच्या दातांना बांधतात, साधारण दोन आठवडे. अशा शिपायापुढे वरची सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे दुधात जाते.

हा खटाटोप कायमच्या दाताचाच. दुधाचा दात पडला तर तो परत बसवत नाहीत. तो खुशाल उंदराला द्यावा.