यंत्रमागाच्या साथीने

भिवंडीत पेटीचा रियाझ करण्याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे तो कुणाला ऐकू येत नाही. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. बारा तासांच्या दोन पाळ्यांत धोटा इकडून तिकडे धावत असतो आणि खटाक-पटाक चालू असतं. पाहुणे पहिल्या रात्री छताकडे बघत पडतात. आम्हाला मात्र वीज गेली आणि माग थांबले की जाग येते.

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं, असं घरच्यांचं मत पडलं. ‘काहीतरी’ म्हणजे भाजी आणणं, हे मला उशिरा कळलं. तोवर मी माळ्यावरची पेटी खाली काढली होती. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि 1971 साली ती सैल केली. आमच्या घरातली बंदीही साधारण तेवढीच चालली. तिकडे निदान कारण तात्त्विक होतं: पेटीचे सूर ठोकून बसवलेले, दोन सुरांमधली मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आमच्याकडे नोकरी, लोकल आणि मुलांच्या परीक्षा, एवढंच.

भात्याला भोकं पडली होती आणि आत झुरळांच्या काही पिढ्या सुखाने नांदून गेल्या होत्या. दुरुस्तीसाठी रिक्षाने कल्याणला निघालो. दोन पट्ट्या दबलेल्याच अडकल्या होत्या, त्यामुळे खड्डा आला की भाता हलायचा आणि पेटी आपणहून विव्हळायची. धामणकर नाक्यावर रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “काका, आत कोण आहे?”

कारागिराने पेटी उघडली आणि एका मुक्या सुरातून चिमट्याने कापसाचा पुंजका काढला. “भिवंडीची ना?” मी न सांगताच त्याने ओळखलं. मग पितळी पात्यांवर कानस फिरवली. पात्याचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. अशी सोय बोटांनाही असती तर बरं झालं असतं. माझ्या बोटांना लहानपणच्या परीक्षेचे अलंकार पाठ होते. पण यमनात मध्यम तीव्र असतो, हे मात्र ती दरवेळी वाजवून झाल्यावर आठवत होती. गोविंदराव टेंब्यांनी याच वाद्यावर भास्करबुवा बखल्यांची साथ केली, हे आठवून मी भाता मारत राहिलो. टेंब्यांनी 1911 साली ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या आणि पुढे त्यात धैर्यधराची भूमिकाही केली. माझ्या वाट्याला त्या नाटकाच्या नावातला उत्तरार्धच यायचा होता.

तो आणला मागच्या खोलीत राहणाऱ्या विणकराने. रातपाळी करून दिवसा झोपणारा तरुण, मूळचा उत्तर प्रदेशातला. एका दुपारी डोळे चोळत दारात उभा राहिला.

“चाचा, नींद नहीं आ रही.”

“अरे, तू तर मागांच्या शेजारी झोपतोस!”

“मशीन एक जैसा चलता है, चाचा. आपका पता नहीं चलता कब रुकेगा, कब गिरेगा.”

लयीवर इतकी नेमकी टीका मला एकाही परीक्षकाने ऐकवली नव्हती. यांत्रिक वादनाला आपण नावं ठेवतो. पण यंत्राला निदान समेवर यायचं असतं ते कळतं. मी भिंतीपलीकडच्या मागाला ठेका मानून वाजवायला लागलो. धोटा काही माझ्यासाठी थांबत नाही, त्यामुळे तान अर्धी राहिली तरी पुढे जावंच लागतं. बायको म्हणते, “आता निदान कधी संपणार ते कळतं.” मिक्सर मात्र ती अजूनही त्याच वेळी लावते.

विणकराशी तहही झाला. तो कामावर असेल तेव्हा मी वाजवायचं. जुन्या शास्त्रकारांनी रागांना प्रहर वाटून दिले. माझे प्रहर कारखान्याचा मुकादम ठरवतो. विणकराची रातपाळी असली की यमन, बागेश्री. दिवसपाळी लागली की बिलावल, सारंग. मेमध्ये लग्नसराईसाठी तो गावी जातो, तेव्हा मी दिवसभर भैरवी वाजवणार आहे. तिच्या वेळेचा नियम तसाही कुणी पाळत नाही.