भुताचा रेनकोट

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या माळरानावर ‘जमैका इन’ नावाचा पब आहे, १७५० सालचा. तिथलं एक गिऱ्हाईक म्हणे कुणी बोलावलं म्हणून बियरचा मग अर्धा टाकून बाहेर गेलं ते सकाळी माळावर मेलेलंच सापडलं. उरलेली बियर संपवायला ते अजून येतं. पैसे दिलेली वस्तू वाया घालवू नये, हे मेल्यावरही पाळणारा तो मनुष्य मला फार जवळचा वाटतो.

वेल्ह्याकडच्या पासली गावात पब नाही. पत्र्याची टपरी आहे. पण भुतांची उणीव नाही. एका अंगाला तोरणा. तिथं मेंगाईच्या देवळात मुक्काम केला तर ब्रह्मपिशाच रात्री झोपू देत नाही, असं ट्रेकर सांगतात. (माझा संशय शेजाऱ्याच्या घोरण्यावर आहे.) केळदच्या पुढं मढे घाट. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजींचा देह याच वाटेनं उमरठ्याला नेला, म्हणून ते नाव, असं सांगतात. टपरीवाले मामा मात्र बजावतात, “त्यो देवमाणूस. त्याला ह्यात आणायचं न्हाय. भुतं येगळी.”

आमची वेगळी भुतं बियर मागत नाहीत. काडी मागतात, विडी मागतात, फार तर चिमूटभर चुना. आणि ती सांगणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. दिसतात ती त्याच्या मेव्हण्याला.

यंदाच्या पावसाळ्यात मामांकडं नवं भूत ऐकलं.

“गेल्या सालची गोष्ट. दाट धुकं. आमचा मेव्हणा जीप घिऊन केळदहून येत हुता. रस्त्यात पांढरंफेक उभं! हातात उजेड. हात वर करून जाग्यावरच गोल गोल फिरतंय आन् वरडतंय, ‘हॅलो, हॅलो!’”

माझा चहा घशातच अडकला. गेल्या पावसाळ्यात तिथंच माझी स्कूटर बंद पडली होती. मोबाइलला रेंज नव्हती.

“मग?”

“मंग काय! काचंवर टकटक करून म्हनलं, ‘अहो, जरा ऐकता का?’ मेव्हण्यानं जीप दामटली ती येल्ह्यात थांबवली. तीन दिस ताप. पाय उलटं हुतं म्हनला.”

“पुण्याचं असनार,” कोपऱ्यातले आजोबा म्हणाले. “आपल्याकडलं असतं तर सरळ काडी मागितली असती. कुनीबी दिली असती.”

या वाक्यावर सगळी टपरी माना डोलावू लागली. मला मात्र राहवेना. अडीचशे रुपयांची वस्तू होती ती.

“पांढरं म्हणजे कापड नसेल,” मी म्हणालो, “रेनकोट असेल.”

एकदम शांत झालं. भज्यांचं तेल तेवढं तडतडत होतं. मी उठून नोट पुढं केली. मामांनी आधी नोट उजेडाला धरून पाहिली, मग वाकून माझे पाय पाहिले, आणि सुट्टे पैसे फळीवर ठेवून दिले. हातात दिले नाहीत.