४५३४४१चे अभ्यासक

आकडेवेडे काका गावोगावी आढळतात. महूतल्या काकांचा आकडा मात्र ठरलेला असतो: ४५३४४१, म्हणजे महूचा पिनकोड. निवृत्तीला दोन-चार वर्षे झाली आणि डॉक्टरांनी जिलबी बंद केली, की लक्षणे दिसू लागतात. पाहुणे आले की घरची मंडळी त्यांना बाबासाहेबांचे जन्मस्थान आणि पातालपाणीचा धबधबा दाखवायला निघतात. काका पाठकोरे पाकीट पुढे करतात.

सुरुवात इतिहासाने होते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने आखला, हे सांगताना 'वेलणकर' या आडनावावर जोर पडतो. पहिला ४ पश्चिम विभागाचा, पहिले तीन अंक मिळून टपालछाननीचा जिल्हा, उरलेले ४४१ महूच्या पोस्टाचे. इथे पाहुणे "अस्सं?" म्हणतात आणि अडकतात.

मग पेन्सिल निघते. सहा अंकांची बेरीज २१. शेवटचे ४४१ हा नेमका २१चा वर्ग. पहिले तीन अंक ४, ५, ३. आणि ३, ४, ५ या बाजूंचा त्रिकोण काटकोनी. पोस्टाने हे मुद्दामच केले, याविषयी काकांना शंका नसते. मूळ अवयव ३ × १७ × १७ × ५२३. यातली ५२३ ही मूळ संख्याच आहे हे पटावे म्हणून काका तिला २पासून १९पर्यंतच्या आठही मूळ संख्यांनी भागून दाखवतात. तेवढ्यात चहावर साय धरते. शेवटी ठेवणीतला डाव: ६७३चा वर्ग अधिक ८चा घन, बरोबर ४५३४४१.

काकांची दुखरी नस देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या कसोट्यांत आहे. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या ती हर्षद. रामानुजनांची १७२९ हर्षद आहे: बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. महूच्या आकड्याला २१मधल्या ३ने भाग जातो, पण ७ने भागल्यावर बाकी २ उरते. ही बाकी काकांना पेन्शनच्या थकबाकीपेक्षा जास्त सलते. दुसरी कसोटी स्वयंभू संख्येची. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. इथे ४५३४१७मध्ये तिच्या अंकांचे २४ मिळवले की थेट महू येते. आकडा स्वयंभू नाही, पण कुळ ठाऊक आहे, असे काका समाधान मानतात.

खरे समाधान शेजारी मिळते. इंदूरचा ४५२००१ हाही हर्षद नाही: बेरीज १२, आणि विषम संख्येला १२ने भाग जाणार कसा? पाहुणे इंदूरचे असले, तर हे सांगून झाल्यावर त्यांच्यासाठी दुसरा, गरम चहा येतो.