ओटी भरली, संकलन सुरू आहे

पावसाने जोर धरला आणि कोयना भरत आली की तिची ओटी भरायची. साडी, खण, नारळ, हळदकुंकू, सगळे साग्रसंगीत. साडी क्षणभर पाण्यावर तरंगते, मग बुडते. त्या पाण्याला बुडवायची सवय जुनी आहे.

सरकारचे या पाण्यावर पोटच्या पोरासारखे लक्ष. साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे दशांशाच्या दोन घरांपर्यंत चोख! सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले, किती क्युसेक सोडले, हे अपरात्रीसुद्धा मोबाइलवर येते. उठवलेल्या माणसांचा आकडा विचारा, उत्तर मिळते, ‘संकलन सुरू आहे.’

धरण १९६४ साली पूर्ण झाले, पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. मधली वर्षे बरोबर बारा. आपल्याकडे याला तप म्हणतात. तेव्हा धरणग्रस्तांकडून सरकारने पुण्यकर्मच करवून घेतले म्हणायचे. कोणी सोलापूरला गेले, कोणी सांगलीला, कोणी रायगडला. जे वर डोंगरात सरकले, त्यांच्यामागे १९८५ साली अभयारण्य आले आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्प. वाघाकडे कोणी सातबारा मागितल्याचे ऐकिवात नाही.

नमुनेदार पुनर्वसन झाले ते पाण्याचे. बोगद्यातून पोफळीला उतरले, वीज दिली, वाशिष्ठीत मिसळले आणि एकही दाखला न काढता कोकणवासी झाले.

परवा एका कचेरीत आबा भेटले. गाव बुडाले तेव्हा पाचेक वर्षांचे होते. आता नातवाला नोकरीतल्या पाच टक्क्यांसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवाय. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तीन पिढ्यांच्या झेरॉक्स.

‘चतुःसीमा सांगा,’ खिडकीतून आवाज आला.

‘पूर्वेला पाणी.’

‘पश्चिमेस?’

‘पाणी.’

‘उत्तर-दक्षिण?’

‘तिकडं बी पाणीच. वर बी.’

पेन थांबले. ‘मग स्थळपाहणी करावी लागेल.’

‘करा की. पवायला येतंय न्हवं?’

असल्या माणसांना धीर म्हणून नाही. मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. बापट तुरुंगात गेले, धरण झाले. शंभरी उलटली, तरी लोक शिकले नाहीत. अजून डॉ. भारत पाटणकरांबरोबर कोयनेच्या काठी ठिय्या देऊन बसतात. सरकार मात्र शिकले. हल्ली ते लगेच बैठक लावते. बैठकीत पुढच्या बैठकीची तारीख ठरते; तेवढी कामगिरी वेळेत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आबांनाही तारीख मिळाली. ‘गुरुवारी या.’ कारकुनाने कॅलेंडर पाहिले. ‘गुरुवारी नको. साहेब जलपूजनाला जाणार आहेत.’

आबा पिशवीची गाठ मारत म्हणाले, ‘मंग बरंच झालं की. तिथनंच पाहणी उरकून घ्या म्हणावं. साडी जिथं बुडंल, त्याच्याच खाली आमचं जोतं हाय.’