गुणिले शंभर

नानांना वस्तूची किंमत दिसतच नाही, दिसतो तो गुणाकार. मुलाकडे म्युनिकला गेले की एक युरो म्हणजे शंभर रुपये. हिशेबाला सोपं! मग दीड युरोची कोथिंबीर दीडशेला पडते आणि घरातल्या आमटीवरची हिरवळ नाहीशी होते.

दिवाळीची तिथे सुट्टी नसते, म्हणून तिथली मराठी मंडळी शनिवारी हॉल घेऊन ती उरकतात. फराळ पुण्याहून येतो आणि कुरिअर फराळाहून महाग पडतं. नानांनी भागाकार करून ठेवलेलाच असतो. "पंचावन्नला पडली हो एक," असं सांगून ते चकली तुमच्या ताटात वाढतात. घ्या आता! मोडकी चकलीसुद्धा पूर्ण भावानेच धरलेली असते.

नाताळ मात्र त्यांना मनापासून आवडतो. २४ डिसेंबरच्या दुपारी दुकानं बंद होतात, ती पुढचे दोन दिवस उघडतच नाहीत. "याला म्हणतात सण! खर्च करायचा म्हटलं तरी सोय नाही." त्याआधी मरियनप्लात्सच्या नाताळबाजारात मुलाने त्यांना फळांचं गरम पेय पाजलं होतं. तिथे कपाची अनामत ठेवावी लागते, कप दिला की ती परत मिळते. अनामत मुलाने भरली होती. परत आलेली नानांनी आपल्या मिळकतीत जमा केली.

३१ डिसेंबरच्या रात्री सगळे आतषबाजीसाठी वर बघत होते, नाना खाली. रिकाम्या कॅनमागे २५ सेंट मिळतात, म्हणजे पंचवीस रुपये! शँपेनच्या बाटलीला काहीच मिळत नाही, हे कळल्यावर त्यांना जर्मन शिस्तीबद्दल प्रथमच शंका आली.

पुण्यात मात्र हे गणित सोयीने चालतं. मुलाचा पगार ते नातेवाइकांना रुपयांत सांगतात, घरभाडं युरोत. स्वतःचे बूट भागिले शंभर, काकूंची साडी थेट रुपयांत.

यंदा पाडव्याला काकूंनी ओवाळलं, तेव्हा तबकात शंभराची नोट पडली.

"अहो, गेल्या वर्षी म्युनिकला पाच युरो घातले होते."

"अगं, तिथे महागाई केवढी!"