लॉनचा मान मोठा

पिंपरी-चिंचवडला 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. तेव्हा सोय तात्पुरती होती म्हणे. पवना धरण भरलं की जलपूजनाचे फोटो छापून येतात; नळ आपला दिवसाआडच. ही झाली माणसांची गत. लॉनला मात्र रोज पाणी लागतं, दोन्ही वेळा. नाजूक प्रकृती!

मोठ्या सोसायट्यांनी एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, चालवावा आणि बागेला प्रक्रिया केलेलंच पाणी घालावं, असा नियम आहे. एसटीपी असतोही, तळघरात, कुलपात. विजेचं बिल वाचावं म्हणून बंद, आणि तपासणीला साहेब येणार असले की सुरू. एरवी टँकर गेटवर, हिरवा पाइप लॉनवर आणि निम्मं पाणी पेव्हर ब्लॉकवर. तिकडे चाकणला एखाद्या कारखान्यापुढे भर पावसातही स्प्रिंकलर फिरत असतो. टायमरला पाऊस कळत नाही आणि साहेबांना टायमर.

कडुलिंब, करंज, बहावा पहिली दोन-तीन वर्षं जगवले की पुढे पाइप लागत नाही. पण त्यांचा फोटो टाकून फ्लॅट खपत नाही ना!

सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढंच विचारा: एसटीपीची किल्ली कोणाकडे आहे?