भूमिगतांच्या मुलखात ओटीपी

क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, इंग्रजांना न जुमानणारं त्यांचं प्रतिसरकार चाललं. पण नाना काही इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पोलिसांनी विचारलं की अख्खं गाव अडाणी व्हायचं.

त्याच मातीतले आपण आता कुणी न विचारताच सांगतो. सिमकार्ड घ्यायला गेलो तर आधारची झेरॉक्स देतो, वर ‘अजून एक असू द्या’ म्हणतो. सहकुटुंब महाबळेश्वरला निघालो की आधी स्टेटस टाकतो. घर रिकामं आहे हे चोराला कळायला नको का? नातवाची जन्मतारीख भावकीच्या ग्रुपवर, आणि तोच आपला पासवर्ड. उरलीसुरली माहिती वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, मोबाईल नंबरासकट. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर ओटीपी अशा लगबगीनं देतो, जणू दारात आलेल्या जावयाला पाणी.

सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. हक्क दिल्लीहून आला. तोंडावरचा ताबा मात्र घरूनच आणावा लागतो.

तेव्हा मंडळी, आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चार आकडेच दिसणारं ‘मास्क्ड’ द्या. फसलातच तर चार लोक काय म्हणतील याचा विचार न करता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. आणि व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणाऱ्या वर्दीवाल्याला घाबरू नका. ‘डिजिटल अटक’ आपल्या कुठल्याही कायद्यात नाही.